‘त्रिकाल’ परत पाहिला: तुम्हाला राणे आठवतात की मिलाग्रेनिया?

शिवणवाली_फोंडा

गेल्या आठवड्यात दुकानावर एक जुनं गिऱ्हाईक आलं. लोटली बाजूची बाई, पासष्टीच्या पुढची. काळा ड्रेस सैल करून हवा होता. नवरा जाऊन चार महिने झाले, वर्षभर काळंच घालणार म्हणाली. "आताच्या पोरी नाही पाळत, पण माझ्या आईने पाळलं होतं." ड्रेसही आईचाच. उसवून बघते तर आत चांगली दोन बोटं माया (शिवणीच्या आतलं जादा कापड) सोडलेली. हल्ली अर्ध्या बोटावर भागवतात, आणि मग गिऱ्हाईक सुटलं की शिंपी रडतो. असो.

त्या काळ्या कापडावर सुई चालवताना ‘त्रिकाल’ आठवला. श्याम बेनेगलांचा, 1985 चा. रात्री भांडी आवरून लावला. दुसऱ्या रात्री परत लावला. नवरा म्हणाला, काल काय झोपली होतीस?

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: साल 1961, पोर्तुगीज जाण्याच्या बेतात. एका मोठ्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरातला एर्नेस्तो वारलाय. त्याची बायको दोना मारिया (लीला नायडू) ते मानायलाच तयार नाही. घरात अंत्यविधीची गर्दी, आणि ही आपल्या खोलीत मोठ्याने रेकॉर्ड लावून बसलेली. नातीचा साखरपुडा ठरलेला, तो दुखवट्यामुळे लटकतो. नातीचं मन भलत्याचवर, आणि तो भलता पोर्तुगिजांच्या तुरुंगातून पळून घराच्या तळघरात लपलाय. हे सगळं आपल्याला सांगतो रुईझ परेरा (नसीरुद्दीन शाह), चोवीस वर्षांनी गावात परतलेला.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा सहावीत होते, वाळपईला. चवथीत, म्हणजे गणपतीत, शेजारच्या दादाने व्हीसीआर भाड्याने आणलेला. दोन कॅसेटी मारामारीच्या आणि तिसरी ही, "गोव्यात शूटिंग झालंय" म्हणून. टीव्ही काळा-पांढरा. पोरं पंधरा मिनिटांत आडवी झाली. मी जागी राहिले, कारण बाबा जागे होते.

मग तो प्रसंग आला. दोना मारियाला नवऱ्याशी बोलायचंय. मेणबत्त्या लावतात, घरातल्या मिलाग्रेनियाला (नीना गुप्ता) माध्यम म्हणून बसवतात. सगळे एर्नेस्तोची वाट बघतायत आणि येतो कोण? राणे! कुलभूषण खरबंदा, पोर्तुगिजांविरुद्ध बंड करणारे सत्तरी तालुक्यातले राणे होऊन, या घराण्याच्या जुन्या दग्याचा हिशेब घेऊन. माझे बाबा मराठी शाळेत मास्तर. ते चटईवरून उठून उभेच राहिले. "अगो, हे आमचे!" नाणूसचा किल्ला वाळपईला लागूनच. दिपाजी राण्यांनी तो 26 जानेवारी 1852 ला घेतला, हे बाबा दर प्रजासत्ताक दिनाला आम्हाला ऐकवायचे. तारीख आधी सत्तरीची, मग देशाची, असा त्यांचा हिशेब.

पुढची कित्येक वर्षं माझा ‘त्रिकाल’ म्हणजे तेवढाच. मोठ्या सायबांच्या घरात, त्यांच्या टेबलाशी, न बोलावता आमचा माणूस येऊन उभा राहतो. किती बरं वाटायचं!

या वेळी रंगीत पाहिला. मी आपली धंद्याच्या नजरेने बाह्या, गळे, लेस बघत बसले (सबा झैदींना या वेशभूषेचा राष्ट्रीय पुरस्कार होता, आणि ते योग्यच होतं). कपडे बघता बघता नजर मिलाग्रेनियावर अडकली. ती एर्नेस्तोचीच पोर, पण लग्नाच्या बायकोची नव्हे, म्हणून घरात मोलकरीण. म्हणजे मेलेला तिचाही बाप. नातीच्या साखरपुड्याला दुखवटा आडवा येतो, दोना मारियाच्या दुःखाभोवती सगळं घर फिरतं, आणि हिला कोणी विचारत नाही की बाई गं, तुझं काय? वर तिच्याच अंगात भुतं आणायची. एवढ्यावर भागत नाही. तरुण रुईझ तिला गरोदर करून मोकळा होतो. लहानपणी यातलं मला काहीही दिसलं नव्हतं. तेव्हा ती नुसती राण्यांची खुर्ची होती.

आता प्रश्न. यात प्रेमात पडावं असं एकही माणूस नाही. तरी हे घर मला सोडत नाही. हे गोव्याचे म्हणून की काय? पुण्याहून आलेली भाचेसून अर्ध्या तासात झोपली. आणि दुसरं, मेणबत्तीच्या उजेडात असं चित्रीकरण करतात कसं? माझ्या फोनवर देवघरातल्या समईचा फोटोही धड येत नाही.

मडगावचा_जुना_प्रेक्षक

ताई, ते घर मारिओ मिरांडांचं, लोटलीचं. तुमचं गिऱ्हाईक तिथलंच असेल तर तिला विचाराच, शूटिंग बघायला गेली असेल.

घर सोडत नाही म्हणता त्याचं कारण मला वाटतं असं. अशा घरांना कॉरिडॉर फारसे नसतात. एका खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, दाराला दार. नोकर ताट घेऊन निघाला तर तीन माणसांचं बोलणं ऐकूनच पोचणार. म्हणजे गुपित असं काही उरतच नाही, फक्त बोलायचं नाही एवढंच ठरलेलं असतं. बेनेगलांनी ते बरोबर पकडलंय. जे जिवंत माणसं बोलत नाहीत ते मग भुताने येऊन बोलायचं.

लीला नायडू तर काय! ‘अनुराधा’ 1960 ची. मग पडद्यावर फार थोडी दिसली, आणि पंचवीस वर्षांनी ही दोना मारिया. एरास्मो झालेला पोरगा लकी अली आहे, हे सांगितलं की नवी पिढी लगेच सावरून बसते. भाचेसुनेला तिथून सुरुवात करून द्या. रेमो फर्नांडिस गाताना दिसतो तेव्हा आमच्या घरी अजून सगळे आवाज वाढवतात. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कारही याच सिनेमाला. बेनेगल गेले डिसेंबर 2024 ला, तेव्हा सगळ्यांनी ‘अंकुर’, ‘मंथन’ काढले. मी हा काढला.

डिचोली_लग्नव्हिडिओ

उजेडाचं मी सांगतो, पोटाचाच प्रश्न आहे.

मेणबत्तीचा उजेड अगदी कमी आणि तांबूस, साधारण 1900 केल्विन. फोन तो ‘सुधारायला’ जातो, म्हणून तुमची समई पांढरीफटक येते आणि देव काळे पडतात. फिल्मच्या काळात सुधारणारं कोणी नव्हतं. जलद फिल्म घ्यायची, लेन्सचं भोक पूर्ण उघडायचं. भोक उघडलं की एकाच अंतरावरचं स्पष्ट येतं. नाक स्पष्ट तर कान धूसर. नटाने चार बोटं मागे रेललं की संपलं, परत घ्या. शिवाय फ्रेमच्या बाहेर आणखी उजेड लपवावा लागतो, आणि तो मेणबत्तीसारखा हललाही पाहिजे. नुसता पिवळा दिवा लावला तर हॉटेल वाटतं. बसलेली माणसं उजेडातून अंधारात विरतात ना, तिथेच कॅमेरामनची खरी जात कळते. अशोक मेहता! ‘36 चौरंगी लेन’ त्यांचंच, ‘बँडिट क्वीन’ त्यांचंच.

ताई, तुम्ही तो काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर, भाड्याच्या कॅसेटवर पाहिलात. म्हणजे तुम्हाला चार ज्योती आणि खरबंदाच्या मिशा एवढंच दिसलं असणार. मिलाग्रेनिया दिसली नाही यात तुमची चूक निम्मीच.

बांद्याचा_पणजीत

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मला हा सिनेमा दर वेळी दहाव्या मिनिटाला अडवतो. लोटलीचं भाटकाराचं घर आणि सगळे हिंदी बोलतात! खऱ्या घरात मालक-मालकीण पोर्तुगीज बोलली असती आणि मोलकरणीशी कोकणी. भाषा बदलली की कोण वरचा कोण खालचा हे लगेच कळतं. इथे दोना मारिया आणि मिलाग्रेनिया एकाच हिंदीत बोलतात, म्हणजे अर्धा अन्याय तिथेच पुसला गेला. गाणी तेवढी कोकणीत येतात, आणि त्या वेळी मला एकदम वाटतं, हां, आता घरी आलो.

मान्य, हिंदी नसती तर वाळपईच्या चवथीत ती कॅसेट पोचलीच नसती.

उसगावचा_आजो

लिबरेशनच्या वेळी मी सात वर्षांचा होतो. सिनेमात इतिहास फारसा दिसत नाही अशी तक्रार मी लोकांकडून ऐकतो. तो तसाच होता हो. आमच्या घरात त्या डिसेंबरात मुख्य विषय म्हणजे म्हैस आटली हा होता. मोठी माणसं हळू बोलायची आणि आम्ही आलो की गप्प.

18 तारखेला सकाळी लांबून धडधड ऐकू आली. बांबोळीचं रेडिओ स्टेशन विमानांनी उडवलं हे नंतर कळलं. मग आमच्या उसगावच्या रस्त्याने लष्कर फोंड्याकडे निघालं. ते निघाले मराठा पॅराचे, म्हणजे छत्रीधारी पलटणीतले! आमच्या ओसरीवर एकाने पाणी मागितलं ते मराठीत. आजी आतून कळशी घेऊन आली आणि त्याला पहिला प्रश्न काय विचारला? "गाव खंयचो?" म्हणाला, सातारा. आजीला सातारा कुठे हे माहीत नव्हतं, तरी तिने मान हलवली. पुढे बाणस्तारीचा पूल पोर्तुगिजांनी पाडून ठेवलेला. साताऱ्याच्या त्या मुलाचं पुढे काय झालं कुणास ठाऊक.

‘त्रिकाल’मधलं ते घर साखरपुड्याच्या तारखेत अडकलंय आणि बाहेर चारशे-साडेचारशे वर्षांचं राज्य संपतंय. मला ते अगदी खरं वाटतं. आमची म्हैस आणि त्यांचा साखरपुडा, एकच गोष्ट.

नाणूस_किल्ला

एक दुरुस्ती, नाहीतर पोरं सिनेमालाच इतिहास समजतील. दिपाजींचं बंड 1852 चं. कुष्टोबा राणे वेगळे, त्यांचं बंड 1869 ते 1871, आणि 1871 लाच त्यांना मारलं. दादा राण्यांचं 1895 चं. सिनेमातलं भूत कुष्टोबांचं नाव घेतं, पण दोना मारियाचं सोझा-सोआरिश घराणं आणि त्यांचा दगा ही सिनेमावाल्यांची गोष्ट.

मास्तर उभे राहिले ते मात्र बरोबरच केलं.

वारस_क्रमांक_चौदा

कुडतरीला आमच्या नात्यातल्या सोयऱ्यांच्या शेजारी असंच एक घर आहे, चौदा वारस. मीही एका घराचा चौदावाच, म्हणून हे नाव. पोर्तुगीज कायद्याने मुलगा-मुलगी सगळ्यांना सारखा वाटा. न्यायच आहे तो, पण पन्नास वर्षांनी एक वारस लिस्बनला, दोन टोरांटोला, चार मुंबईत, आणि सही कोणाचीच नाही. छपराचे नळे फुटले तरी चढायचं कोणी? नसीरुद्दीन गाडीतून येऊन त्या पडक्या घराकडे बघतो तेव्हा लोक म्हणतात काय हळवं! मला आधी इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांच्या वाटणीची, केस दिसते.

आणि मिलाग्रेनिया? तिला या चौदात धरलं असतं का? ताई, तुम्ही तिथे बोट ठेवलंत म्हणून लिहितो. आमच्या घराच्या मागच्या बाजूला एक मुंडकारीण (भाटकाराच्या जागेत घर करून राहणारी) राहायची. तिच्या मुलाचं नाक आमच्या आजोबांचं होतं. सगळ्या वाड्याला दिसत होतं. 1975 च्या मुंडकार कायद्याखाली तिने घराच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा माझे काका म्हणाले, "हिचा काय संबंध?"

बांद्याचा_पणजीत

वारस भाऊ, हे वाचून माझा भाषेचा मुद्दा लहान वाटायला लागला.

शिवणवाली_फोंडा

सगळ्यांचे आभार. आजो, साताऱ्याच्या मुलाचं पुन्हा सवडीने लिहा, वेगळा धागाच काढा.

डिचोलीकर, मिशांचं खरं आहे. मी बाबांना जाऊन सांगितलं की राण्यांचा फेटा रंगीत पाहिला. ते आता पंचाऐंशीचे, ऐकू कमी येतं. त्यांनी विचारलं, "आणि ती पोर? अंगात यायचं ती? फार थकलेली दिसायची." म्हणजे बाबांना ती तेव्हाच दिसली होती, त्या काळ्या-पांढऱ्यात, उभ्या उभ्या. मला आयुष्यभर वाटलं ते राण्यांसाठी उठले. उठले राण्यांसाठीच, पण बघत दोघांना होते.

नाणूस, दुरुस्ती त्यांना वाचून दाखवली. "तारखा मला शिकवतो काय," म्हणाले, पण खूश होते.

आज ती लोटलीची बाई ड्रेस न्यायला आली. शूटिंग बघायला गेली होती का विचारलं. गेली होती, फाटकापर्यंत, आत सोडलं नाही. पुढे सिनेमाही पाहिला होता. मग मी विचारायला नको होतं ते विचारलं: तुमच्या घरात होती का अशी कोणी मिलाग्रेनिया? ती आरशासमोर होती. बाही खाली ओढली, परत वर केली. मग म्हणाली, काखेत अजून एक सूत सैल कर.

मी टाचणी लावली. निघताना दारातून वळून म्हणाली, "आत माया उरली असेल ना, ती कापू नको हां."