क्लिंडामायसिनची ट्यूब ४ रात्री लावली, वास गेला, आता बंद करू का?

द्राक्षबाग_तासगाव:
नमस्कार, पहिल्यांदाच इथं लिहितेय, घरात कुणाला विचारायची सोय नाही म्हणून. वय ३१, दोन मुलं. दिवाळीपासून अंगावरून जातंय, दह्यासारखं घट्ट नाही, पातळ, राखाडी पांढरं, आणि वास कसा सांगू, सुकटीचा डबा उघडल्यासारखा. पाळी झाली की आणि नवऱ्याजवळ गेलं की जास्त. खाज जवळजवळ नाहीच. मी आपली तुरटीच्या पाण्यानं दिवसातनं दोनदा आतून धुवायची, मग ते खालच्या जागेचं लिक्विड आणलं, त्यानं दोन दिवस बरं वाटायचं की परत तेच. मेडिकलमध्ये "पांढऱ्यावरची द्या" म्हटलं तर एक गोळी दिली त्यांनी, त्यानं काहीच फरक नाही. शेवटी सांगलीला लेडी डॉक्टरांकडं गेले, त्यांनी आतून बघितलं, कागदाची पट्टी लावून तपासलं आणि बॅक्टेरियल व्हजायनोसिस सांगितलं, क्लिंडामायसिन २ टक्के क्रीम लिहून दिलं, रोज रात्री एक ॲप्लिकेटर, ७ रात्री.

तिसऱ्या दिवशीच वास गेला, काल चौथी रात्र झाली. आता परवा पाळी येणार, जाऊ म्हणते पाळीत असलं काही आत घालायचं नसतं, बंद कर. बंद केली तर चालेल का, बरं वाटतंय म्हणून विचारते. उरलेली ट्यूब बहिणीला देऊ का, ती कराडला असते, तिलापण असंच जातंय म्हणते. आणि पुतण्याच्या पिंपल्सच्या ट्यूबवर पण क्लिंडामायसिनच लिहिलंय, ते एकच का?

अजून एक, नवरा म्हणाला हे बाहेरून आणलेलं दुखणं असतंय. मी घर आणि बाग सोडून कुठं जाते ओ. तेव्हापासून झोप नाही मला, आपलंच काहीतरी घाण आहे असं वाटतंय.

मिरज_स्टाफनर्स:
ताई, आधी शेवटचं, कारण तेच तुम्हाला जास्त लागलंय. हे घाणीचं दुखणं नाही. आपल्या योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे चांगले जंतू असतात, ते आम्ल तयार करतात आणि तिथलं पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (आकडा कमी तितकं आम्ल जास्त), साधारण ४.५ च्या खाली ठेवतात. ते जंतू कमी झाले की गार्डनरेला आणि ऑक्सिजनशिवाय वाढणारे दुसरे जंतू माजतात, पीएच वर जातं, वास त्यांचाच. ती कागदाची पट्टी म्हणजे पीएच बघायचीच असणार. पाळीचं रक्त आणि वीर्य दोन्ही आम्ल नसतात, म्हणून तुम्हाला त्या वेळी वास जास्त जाणवत होता. संबंधांशी याचा संबंध आहे, नाही असं नाही, पण हे झालं म्हणजे कुणी बाहेर गेलं असा अर्थ अजिबात निघत नाही. मी ओपीडीत बसते तेव्हा असल्या एका वाक्यानं आतून मोडलेल्या बायका बघते, राग येतो मला. तुमच्या मिस्टरांना पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर बसवा, त्यांच्या तोंडून ऐकू दे.

आणि ते आतून धुणं आजपासून बंद. तुरटी नको, कडुलिंबाचा पाला उकळून नको, जंतुनाशक नको, सुगंधी लिक्विड नको. चांगले जंतू त्यानंच अजून कमी होतात, मग वास येतो म्हणून आपण परत धुतो, असं चक्र चालूच राहतं. बाहेरून साधं पाणी पुरे.

आता ट्यूब. ७ म्हणजे ७. वास जाणं ही पहिली गोष्ट, जंतू पूर्ण आटोक्यात येणं ही नंतरची. अर्धवट सोडली की उरलेले परत वर येतात. पाळी आली तरी चालू ठेवायची, पॅड वापरा, टॅम्पॉन किंवा कप वापरत असाल तर या दिवसांत नको. रक्तस्राव खूपच असेल तर डॉक्टरांना एक फोन करा, पण जाऊबाईंच्या सांगण्यावरून बंद नका करू. झोपायच्या आधीच लावा, उताणं झोपून गुडघे वर घ्यायचे, ॲप्लिकेटर जोर न लावता जाईल तेवढाच आत. सकाळी थोडं बाहेर येतं, ते औषध वाया गेलं असं नसतं.

कृष्णाकाठ_वाई:
ताई माझं ऐका, मी अर्धवट सोडणारी बाई आहे म्हणून सांगते. मला पण तिसऱ्या चौथ्या दिवशी बरं वाटलं, मी ट्यूब फ्रीजच्या वर ठेवून दिली, म्हटलं परत झालं तर आहेच, आणि दीड महिन्यात परत झालं तर तीच दोन दिवस लावली, परत सोडली, असं वर्षभर चाललं होतं माझं, शेवटी साताऱ्याला डॉक्टरांनी विचारलं किती दिवस लावली, मला खरं सांगायला पण लाज वाटली. त्यांनी नव्यानं पूर्ण कोर्स दिला. त्यानंतर मला उलट खाज सुटली आणि दह्यासारखं जायला लागलं, मी घाबरले, पण ते बुरशीचं निघालं, अँटिबायोटिकनंतर काहीजणींना होतं ते, त्याचं औषध वेगळं. तुम्हाला मेडिकलवाल्यानं जी एक गोळी दिली ती बुरशीचीच असणार, म्हणून फरक पडला नाही. दोन्हीला आपण पांढरं जाणंच म्हणतो पण दुखणी वेगळी आहेत.

औषधपेठ_सांगली:
मी फार्मासिस्ट आहे, तेवढ्यापुरतं लिहितो. पुतण्याची ट्यूब हातसुद्धा लावू नका. चेहऱ्याचं जेल बहुतेक १ टक्क्याचं असतं, त्यात चेहऱ्यासाठीचे दुसरे घटक असतात, कशात स्पिरिट, कशात बेन्झॉईल पेरॉक्साईड, आतल्या नाजूक त्वचेवर भयंकर आग होईल. नाव एक असलं तरी औषध वेगळं समजायचं. तुमच्या क्रीमचा एक भरलेला ॲप्लिकेटर म्हणजे ५ ग्रॅम, त्यात १०० मिलिग्रॅम क्लिंडामायसिन. यातलं साधारण ४ ते ५ टक्केच रक्तात जातं, तरीपण कोर्समध्ये किंवा नंतर पाण्यासारखे जुलाब सुरू झाले, पोटात कळा आल्या, शौचातून रक्त पडलं, तर ट्यूब थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा आणि जुलाब थांबवायची गोळी आपल्या मनानं घ्यायची नाही. क्वचित होतं, पण या औषधाच्या बाबतीत माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट बऱ्याच जणींना कुणी सांगत नाही. हे क्रीम तेलकट असतं, त्यानं निरोध कमकुवत होऊन फाटू शकतो. कोर्सचे ७ दिवस संबंध टाळलेलेच बरे आणि संपल्यावरही ५ दिवस निरोधवर भरवसा ठेवू नका.

आणि परत परत होत असेल तर नवऱ्याच्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. आधी जोडीदाराला औषध देऊन उपयोग नाही असंच मानायचे. पण मार्च २०२५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या जोडप्यांचा अभ्यास आला, त्यात पुरुषांनाही ७ दिवस मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या आणि बाहेरून लावायला हेच २ टक्के क्रीम दिलं होतं. १२ आठवड्यांत परत होण्याचं प्रमाण तिथं ३५ टक्के आलं, आणि फक्त बाईलाच औषध दिलं त्या गटात ६३ टक्के. मिस्टरांना हे वाचून दाखवा, बाहेरून आणलंस म्हणण्यापेक्षा दोघांनी मिळून औषध घेणं जास्त कामाचं.

द्राक्षबाग_तासगाव:
सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. ट्यूब चालू ठेवते. बहिणीचं एक सांगायचं राहिलं, तिला तिसरा महिना चालू आहे. क्रीम वरच्या वर लावायचं असतं, पोटात जात नाही, म्हणून चालेल का?

मिरज_स्टाफनर्स:
नाही ताई, अजिबात देऊ नका, बरं झालं विचारलं. पहिल्या ३ महिन्यांत हे क्रीम डॉक्टर नीट विचार करूनच देतात आणि गरोदरपणात तो ॲप्लिकेटर आपल्या आपण आत घालायचा नसतो. दुसरं असं की तिला तेच आहे हे कुणी ठरवलं? गरोदरपणात पांढरं थोडं जास्त जाणं नेहमीचंच असतं, बुरशीपण होते. पण खरंच बीव्ही, म्हणजे तुमच्यासारखं बॅक्टेरियल व्हजायनोसिस असेल तर अंगावर काढायचं नाही, दिवस भरायच्या आधी बाळंत होण्याशी त्याचा संबंध सापडलेला आहे. कराडला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथं गरोदर बायकांच्या ओपीडीत जाऊ दे, केस पेपर काढायचा आणि लाजायचं नाही, वास येतो हे शब्दात सांगायचं, नाहीतर साध्या तपासणीत ते राहून जातं.

मेडिकलमधून परत कधी आपल्या मनानं काही आणू नका. अँटिबायोटिकच्या पाकिटावर उभी लाल रेघ बघा, ती चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही म्हणून असते. पैशाची अडचण असेल तर सांगलीच्या सिव्हिलला याच तक्रारींसाठी सुरक्षा क्लिनिक आहे, तपासणी आणि औषध तिथं मोफत. कुणाची सून, कुणाची लेक विचारत बसत नाही कुणी.

कृष्णाकाठ_वाई:
आणि मिस्टर काय म्हणाले ते सांगा, माझं लक्ष तिकडंच लागलंय.

द्राक्षबाग_तासगाव:
पाळी आली, आज सातवी रात्र. जाऊला दुखेल म्हणून तिच्यासमोर नाही लावत, मुलं झोपली की लावते. बहिणीला फोन केला, सोमवारी सासूला घेऊन जाते म्हणाली. मिस्टरांना मी काल ते जोडप्यांचं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत बराच वेळ, मग म्हणाले पुढच्या वेळी सांगलीला मीपण येतो आत. सोडायला म्हणून नाही, आत.