ढेकूण आणि गादीची कव्हरं: कोणी वापरलीत का?

लेकाच्या होस्टेलच्या बॅगेतून घरात ढेकूण आले. दोनदा पेस्ट कंट्रोल झालं, तरी चादरीवर काळे ठिपके आहेतच. आता जो तो सांगतोय, गादीला चेनचं कव्हर घाला. खरंच उपयोग होतो का? अनुभव लिहा, जाहिराती नकोत.

नाशिक
मी फसलो. 'मॅट्रेस प्रोटेक्टर' म्हणून घेतलं ते इलॅस्टिकवालं, खालून उघडं निघालं. ते पाणी सांडलं तर गादी वाचवायला. ढेकणांना दुमडीत आयती खोली मिळाली. सहाही बाजूंनी बंद होणारंच घ्या.

जर्सी सिटी
आमच्याकडे गादी आणि तिच्याखालचा बॉक्स स्प्रिंग (कापड चढवलेला स्प्रिंगांचा खोका), दोन्हींना कव्हर घातलं. बरं झालं, कारण खरी वस्ती बॉक्सच्या तळाच्या पातळ कापडामागेच होती. कव्हर ढेकूण मारत नाही, आतल्यांना उपाशी कोंडतं. आणि उपाशी ढेकूण महिनोन्‌महिने तग धरतो, म्हणून वर्षभर तरी काढायचं नाही. आमचं दोन महिन्यांतच पलंगाच्या पत्र्याला घासून फाटलं. टेप लावली, पत्र्यावर जुनं फडकं गुंडाळलं. चेन जिथे संपते तिथेही बारीक फट राहते, तिथे टेप हवीच. मला सर्वांत जास्त उपयोग झाला तो पांढऱ्या रंगाचा: नवा डाग पडला की लगेच दिसायचा. चादरी कडक गरम पाण्यात धुणं, ड्रायर आणि फवारणी सुरूच होती. एकट्या कव्हराला श्रेय देणार नाही.

परळ
आमच्या चाळीत रविवारी खाटा गच्चीवर जायच्या आणि सांध्यांत उकळतं पाणी. गेल्या वर्षी पैसे वाचवायला शिंप्याकडून मांजरपाटाचं कव्हर शिवून घेतलं. चेन साधी, उशीच्या अभ्र्याची. पिल्लू मिलीमीटरभराचं असतं हो! दातांमधून निघताना डोळ्यांनी पाहिलं.

रत्नागिरी
कापसाच्या गादीला घालताना विचार करा. आमची पावसाळ्यात आत कुबट झाली. ऊन द्यावं तर कव्हर काढावं लागतं, आणि काढलं की सगळं मुसळ केरात. शेवटी फोमची गादी घेतली.

धागाकर्ता
परळकरांचं वाचून आज पलंगच उपसला. गादीच्या शिवणीत दोनच सापडले. डोक्याकडच्या प्लायच्या स्क्रूभोकांत मात्र अख्खं गोकुळ! कव्हर शनिवारी येतंय. तोवर प्लाय बाहेर, आणि बायको-मुलं सतरंजीवर.