डिसेंबरअखेर इंग्लंडच्या ग्रामीण भागातून मोटारप्रवास : मार्ग कसा आखावा?

गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात आम्ही चौघे इंग्लंडला जात आहोत. मी, पत्नी, महाविद्यालयात शिकणारी मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असा परिवार आहे. लंडन पाहून झाल्यावर आठ दिवस हाताशी राहतात आणि ते संपूर्णपणे ग्रामीण भागासाठी द्यावेत, असे सर्वांच्या मनात आहे. हीथ्रोला गाडी ताब्यात घेऊन कॉट्सवोल्ड्स, तेथून पीक डिस्ट्रिक्ट, लेक डिस्ट्रिक्ट, हेड्रियनची भिंत (रोमन काळातली तटबंदी), यॉर्कशायर डेल्स आणि परत लंडन, असा मार्ग मी नकाशावर आखला आहे. रोजचे अंतर चार ते पाच तासांचे दिसते.

कसारा घाट आणि त्र्यंबकचा रस्ता मी वर्षानुवर्षे चालवत आलो आहे, त्यामुळे वळणांची भीती नाही. बर्फावर मात्र गाडी कधी चालवलेली नाही. हा मार्ग हिवाळ्यात झेपण्यासारखा आहे का, आपला परवाना तेथे चालतो का आणि फार चालू न शकणाऱ्या, शुद्ध शाकाहारी असलेल्या सासूबाईंना हा प्रवास मानवेल का, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

लीड्सकर

गोदाकाठ, मी उत्तर इंग्लंडमध्ये राहतो आणि आपण लिहिलेल्या जवळजवळ सर्व रस्त्यांवरून हिवाळ्यात गाडी चालवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण अंतर मोजले आहे, परंतु येथे डिसेंबरमध्ये मोजायचा असतो तो उजेड. नाताळच्या सुमारास लंडनमध्ये सूर्य आठनंतर उगवतो आणि चारच्या आत मावळतो. लेक डिस्ट्रिक्टमध्ये तो साडेआठच्या सुमारास वर येतो आणि पावणेचारच्या सुमारास डोंगराआड जातो. म्हणजे हाती सव्वासात तासांचा दिवस येतो आणि त्यातही ढग दाटलेले असले, तर तीन वाजताच दिवे लावावे लागतात. रोज पाच तास गाडीत घालवले, तर ज्यासाठी एवढा खर्च करून आलो ते सगळे अंधारात मागे पडते. पाच प्रदेशांऐवजी दोनच निवडावेत, प्रत्येक ठिकाणी तीन-चार रात्री एकाच घरी मुक्काम करावा आणि तेथून रोज छोटे फेरे मारावेत, असा माझा आग्रहाचा सल्ला आहे. सासूबाईंसाठीही हेच बरे, कारण रोज सामान बांधणे आणि रोज नवे जिने चढणे हेच या वयात अधिक थकवते.

आता घाटांविषयी. येथील घाट उंचीने आपल्यापेक्षा लहान आहेत. लेक डिस्ट्रिक्टमधील मोटाररस्त्याचा सर्वांत उंच घाट, कर्कस्टोन, अवघा 454 मीटर उंचीवर आहे. तरीही हिवाळ्यात त्यांना कमी लेखू नये. हार्डनॉट घाटाचा चढ काही ठिकाणी तीनास एक इतका तीव्र आहे, रस्ता एकाच गाडीच्या रुंदीचा आहे आणि तेथे बर्फ धरला की गाडी ना वर जाते ना खाली थांबते. हार्डनॉट आणि त्याला जोडून असलेला रायनोज हे दोन्ही घाट आपण या प्रवासातून पूर्णपणे वगळावेत. पीक डिस्ट्रिक्टमधील ए57 रस्त्यावरचा स्नेक पास तर हिमवर्षावात नेहमीच बंद होतो. उलट ग्रासमिअरहून केझिककडे जाणारा ए591 हा मुख्य रस्ता आहे, त्यावर मीठ टाकणारे ट्रक नियमित फिरतात, आणि थर्लमिअर सरोवराच्या काठाने जाताना जे दिसते ते कोणत्याही अवघड घाटापेक्षा उणे नाही.

बर्फाची एक बाजू सांगायलाच हवी. नाताळात सगळीकडे पांढरीशुभ्र चादर असेल, ही अपेक्षा ठेवू नये. सखल भागात बहुधा पाऊस, वारा आणि धुकेच असते. लेक डिस्ट्रिक्टमधील सीथवेट या वस्तीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या इगतपुरीच्या तोडीचा, फक्त तो चार महिन्यांत न कोसळता वर्षभर झिरपत राहतो. खरा धोका असतो तो न दिसणाऱ्या बर्फाचा, ज्याला येथे ब्लॅक आइस म्हणतात. रात्री ओला रस्ता गोठतो आणि डांबर नुसते ओले असल्यासारखे दिसते. या अक्षांशावर डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम बारा अंश वर येतो, त्यामुळे डोंगराच्या उत्तर उतारावर, उंच कुंपणांच्या आणि पुलांच्या सावलीत ऊन पोहोचतच नाही आणि पहाटेचा बर्फ दुपारीही तसाच राहतो. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकते, असे येथील हायवे कोड सांगतो. सकाळी घाई करू नये, साडेनऊनंतर निघावे, वेग कमी आणि गिअर वरचा ठेवावा, ब्रेक हळुवार लावावा.

रोज सकाळी हवामान खात्याचा, म्हणजे मेट ऑफिसचा, अंदाज पाहावा. पिवळा इशारा असेल तर सावधपणे जाता येते. नारिंगी किंवा लाल असेल, तर त्या दिवशी शेकोटीजवळ बसून चहा घ्यावा. नोव्हेंबर 2021 मधील आर्वेन वादळात यॉर्कशायर डेल्समधील टॅन हिल इन या ब्रिटनमधील सर्वांत उंचावरच्या पबमध्ये साठहून अधिक माणसे तीन रात्री बर्फाने अडकून पडली होती. त्यांची व्यवस्था उत्तम झाली, परंतु परतीचे विमान असलेल्या कुटुंबाला तो अनुभव परवडणारा नाही.

पायवाट (पुणे)

लीड्सकरांशी मी पूर्णपणे सहमत आहे. दोन प्रदेश निवडायचे झाल्यास कॉट्सवोल्ड्स आणि लेक डिस्ट्रिक्ट हेच निवडावेत, असे मला वाटते, आणि पहिल्याविषयी थोडे अधिक लिहितो, कारण तो हिवाळ्यातच खरा पाहावा असे माझे ठाम मत आहे.

उन्हाळ्यात बायबरी किंवा बोर्टन-ऑन-द-वॉटर या गावांत पर्यटकांच्या बसगाड्यांमुळे उभे राहायला जागा नसते. हिवाळ्यातल्या सकाळी तीच गावे रिकामी असतात. बायबरीची आर्लिंग्टन रो ही घरांची ओळ चौदाव्या शतकात लोकरीचे कोठार म्हणून बांधली गेली आणि सतराव्या शतकात तिची विणकरांची घरे झाली. समोरच्या पाणथळ कुरणाला आजही रॅक आइल म्हणतात, कारण विणकर तेथे मांडवांवर कापड वाळत घालत. या भागाची सारी श्रीमंती मेंढीच्या लोकरीतून आली. चिपिंग कॅम्पडनसारख्या छोट्या गावांना न शोभतील एवढी भव्य चर्च या व्यापाराच्या पैशातून उभी राहिली, हे लक्षात ठेवून पाहिले की गावे केवळ सुंदर दिसत नाहीत, ती कळू लागतात.

येथील दगड मधाच्या रंगाचा चुनखडक आहे. हिवाळ्यातला सूर्य दिवसभर खालीच असल्यामुळे त्याचे तिरके ऊन भिंतींवर आडवे पडते आणि जो सोनेरी रंग उन्हाळ्यात फक्त संध्याकाळी दिसतो, तो येथे दुपारी बारालाही दिसतो. शेतांमधल्या भिंती जवळ जाऊन पाहाव्यात. त्यांत चुना नाही, सिमेंट नाही. चपटे दगड एकमेकांवर नुसते रचलेले असतात आणि सर्वांत वरची ओळ उभ्या दगडांची असते. दहिवराच्या सकाळी त्या उभ्या दगडांच्या कडांवर पांढरे स्फटिक उगवलेले असतात, त्यामागच्या हॉलीच्या झुडपात लाल फळे लगडलेली असतात आणि पलीकडे मेंढ्यांच्या तोंडातून वाफ निघताना दिसते. हे सारे गाडीच्या काचेतूनही दिसते, म्हणून सासूबाईंना चालावे लागणार नाही. ब्रॉडवे टॉवरलाही गाडी जवळपर्यंत जाते. आकाश स्वच्छ असेल तर पार वेल्सच्या डोंगरांपर्यंत नजर पोहोचते, मात्र वारा बोचरा असतो.

मराठी माणसाने या भागात आणखी एक जागा आवर्जून पाहावी. स्टो-ऑन-द-वोल्डच्या जवळ डेल्सफर्ड नावाचे खेडे आहे. वॉरन हेस्टिंग्जने आपल्या घराण्याची गेलेली ही जहागीर 1788 मध्ये पुन्हा विकत घेतली. 1818 मध्ये तो तेथेच वारला आणि तेथल्या चर्चच्या आवारात त्याला पुरले. 1779 मध्ये वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना शरण आणले, तेव्हा झालेला करार धुडकावणारा आणि अखेर 1782 मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह करावा लागलेला हाच तो गव्हर्नर-जनरल. त्याचा वाडा खासगी आहे, पण त्या शांत खेड्यातून गाडी संथपणे नेताना पहिले इंग्रज-मराठा युद्ध एकदम जवळ येऊन उभे राहते. तेथून फार दूर नसलेले सेझिनकोट हे घर तर ईस्ट इंडिया कंपनीत पैसा कमावलेल्या कॉकरेल घराण्याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मुघल धाटणीत बांधलेले आहे. ग्लॉस्टरशरच्या कुरणात कांद्याच्या आकाराचा तांब्याचा घुमट दिसतो. जाण्यापूर्वी त्याच्या उघडण्याच्या तारखा मात्र पाहाव्यात, कारण हिवाळ्यात अशा अनेक वास्तू बंद असतात.

जेवणाचे म्हणाल, तर बहुतेक पबांत एक-दोन शाकाहारी पदार्थ निश्चित मिळतात. सूप, भाज्यांचे सारण भरून भाजलेला ‘पाय’ (pie), चीजचे सँडविच असे काहीतरी असते. सूप कशाच्या अर्कात शिजवले आहे, ते शुद्ध शाकाहारी व्यक्तीने विचारून घ्यावे. दुपारी दोन-अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होते आणि ते थेट सहाला उघडते, याचे भान ठेवावे. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले, तर सासूबाईंना वरणभात मिळेल आणि तोच सर्वांत मोठा आधार ठरेल.

चालक_ठाणे

परवान्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. वैध भारतीय परवान्यावर तेथे आल्यापासून बारा महिने मोटार चालवता येते. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे नियम मात्र वेगवेगळे असतात. काही जण आंतरराष्ट्रीय परवानाही मागतात, आणि चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड बहुतेक ठिकाणी लागते. आपल्यासारखेच डावीकडून चालवायचे असल्यामुळे तो प्रश्न येत नाही. राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्यायची, हा नियम तेथे अक्षरशः पाळला जातो. पाट्यांवरचा वेग मैलांत असतो, किलोमीटरमध्ये नव्हे. अरुंद रस्त्यावर साठ मैलांची मर्यादा असली, तरी त्या वेगाने जायचे असा तिचा अर्थ नाही. बऱ्याच वळणांवर वीससुद्धा जास्त होतात. समोरून गाडी आली की जवळच्या रुंद जागेत थांबून तिला जाऊ द्यावे आणि हात उंचावून आभार मानावेत.

काच गोठली असेल तर उकळते पाणी कधीही ओतू नये, ती तडकते. खरवडणी आणि बर्फ वितळवणारा फवारा कोणत्याही पेट्रोल पंपावर मिळतो. पूर्ण काच स्वच्छ झाल्याशिवाय निघणे कायद्याने चुकीचे आहे. रस्त्यावरून वाहते पाणी दिसले, तर ते कितीही उथळ वाटले तरी गाडी वळवावी; वाहत्या पाण्याची फूटभर खोलीसुद्धा मोटार उचलून नेते. गाडीत ब्लँकेट, टॉर्च, पाणी, खाण्याचे पदार्थ आणि सासूबाईंची औषधे हाताशी ठेवावीत.

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. घरी सर्वांशी बोलून मार्ग बदलला आहे. चार रात्री स्टोजवळच्या एका घरात, नंतर मोटारमार्गाने उत्तरेकडे जाऊन चार रात्री केझिकजवळ, आणि गाडी लंडनला परत न आणता मँचेस्टर विमानतळावर सोपवायची, असे ठरवत आहोत. पत्नीला हेड्रियनची भिंत सुटल्याची थोडी हळहळ आहे. दोन शंका उरल्या आहेत. पहिला मुक्काम 23 डिसेंबरपासून आहे, तेव्हा नाताळच्या दिवशी काही उघडे असते का? आणि दोन्ही मुक्कामांमधला प्रवास एका दिवसात करावा का?

लीड्सकर

आता आखणी योग्य झाली. 25 डिसेंबरला मोठी दुकाने कायद्यानेच बंद असतात आणि रेल्वे जवळजवळ चालतच नाही, म्हणून चोवीस तारखेच्या दुपारपर्यंत किराणा, दूध, भाज्या आणि इंधन भरून ठेवावे. पबांत नाताळचे जेवण असते, पण त्याची नोंदणी कित्येक आठवडे आधीच संपते. त्या दिवशी रस्ते ओस असतात. सकाळी फेरफटका मारून दुपारी घरीच जेवावे. सव्वीस तारखेलाही सुट्टी असते, मात्र त्या दिवशी सारा गाव चिखलाचे बूट घालून फिरायला निघतो, तेव्हा वाहनतळ लवकर भरतात.

स्टो ते केझिक हे अंतर सुमारे दोनशे तीस मैलांचे आहे आणि बराचसा रस्ता एम6 मोटारमार्गावरचा आहे. एका दिवसात ते सहज होते. फक्त साडेनऊच्या सुमारास निघावे, दर दोन तासांनी पंधरा मिनिटे थांबावे आणि पेनरिथचा फाटा तीनच्या आत गाठावा, म्हणजे केझिकपर्यंतचा शेवटचा टप्पा उजेडात होईल. वाटेत पाहण्याचे काहीही ठेवू नये. दुसऱ्या दिवशी केझिकच्या वरच्या कासलरिग या प्राचीन दगडी वर्तुळाला जावे. गाडी फाटकाजवळ लावता येते, सासूबाईंना थोडेच चालावे लागेल आणि चहूबाजूंचे डोंगर एकाच जागेवरून दिसतील.

हेड्रियनच्या भिंतीची हळहळ वाटत असेल, तर तोही मार्ग आहे. केझिकहून कार्लाइलमार्गे बर्डोसवाल्ड सुमारे सव्वा तासावर आहे आणि तेथे भिंतीचा लांब, अखंड भाग रस्त्यालगतच दिसतो. हवामान खात्याने स्वच्छ दिवस सांगितला, तर दहाला निघून तीनपर्यंत परत येता येईल. ढगाळ दिवस असेल, तर केझिकजवळच्या डरवेंटवॉटर सरोवराच्या काठीच थांबावे.