पोस्टाचं मत, प्रॉक्सी आणि आजीचं वय: नक्की काय बदललंय?

उचगावची सूनबाई

नमस्कार मंडळी. दिराच्या मोबाइलवर काल एक मेसेज आला: "पोस्टल आणि प्रॉक्सी (आपल्या वतीनं दुसऱ्यानं घालायचं) मतदानाचे नियम बदललेत. जुनी मंजुरी ३१ जानेवारीला संपणार. नव्यानं अर्ज करा, तोही तीनच वर्षं चालणार." सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि मला म्हणाले, "पोरी, तुझ्या नवऱ्याचं मत गेलं बघ."

आमचे हे फौजेत आहेत. पोस्टिंग लांब, वर बर्फात. २०२४ ला मतपत्रिका कॉम्प्युटरवर आली, ती छापून, सही-शिक्का घेऊन स्पीड पोस्टानं पाठवली म्हणे. मोजणीला पोचली की नाही, देव जाणे. फोनवर म्हणतात, "पुढच्या वेळी माझं मत तूच घाल." पण माझं स्वतःचं नाव अजून माहेरी शिनोळीच्या यादीत. शिनोळी महाराष्ट्रात, उचगाव कर्नाटकात. मधे फक्त वेंगुर्ला रोड आणि एक पाटी! मग मला इथं त्यांचं मत घालता येईल का?

दुसरं दुखणं आजेसासूबाईंचं. मे २०२३ च्या विधानसभेला त्या ८१ च्या होत्या, तेव्हा घरी येऊन मत घेऊन गेले. दोन कर्मचारी, एक पोलीस, एक व्हिडिओवाला. सोप्यात पाटावर पुठ्ठ्याचा आडोसा केला, आजींनी ट्रंकेतलं इरकल नेसलं होतं. गल्लीतली पोरं खिडकीला लोंबकळत होती, पोलिसानं हाकलली. पुढच्या वर्षी लोकसभेला आजी सकाळपासनं परत इरकल नेसून बसल्या. मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओताई म्हणाल्या, यंदा तुमचं नाव बसत नाही. आजी म्हणाल्या, "गेल्या साली म्हातारी होते, यंदा तरणी झाले काय गं?" शेवटी ७ मेच्या उन्हात रिक्षातनं नेलं. हे असं का झालं, कुणी सांगेल का?

सुभेदार (नि.), कडोली

ताई, आधी तो मेसेज पुसा. आपल्याकडं तीन वर्षांची असली काही अट नाही.

प्रॉक्सी आपल्या देशात फौजेतल्यांना आणि तशाच काही दलांतल्या लोकांना मिळते, २००३ पासून. बाकी कुणाला नाही. तुमच्या मालकांनी तेरा-एफ नमुना भरायचा, कमांडिंग ऑफिसरपुढं सही करायची आणि कागद तुमच्याकडं पाठवायचा. तुम्ही नोटरीपुढं किंवा फर्स्ट क्लास मॅजिस्ट्रेटपुढं सही करून तो निवडणूक अधिकाऱ्याकडं द्यायचा. उमेदवारी भरायची मुदत संपण्याआधी तो पोचला पाहिजे. एकदा केलं की ते नोकरीत असेपर्यंत चालतं, दर निवडणुकीला नवीन करावं लागत नाही. मात्र मग पोस्टाची मतपत्रिका येत नाही. दोन्हीतलं एकच.

प्रॉक्सी त्याच मतदारसंघात राहणारी, १८ पुरी झालेली पाहिजे. यादीत नाव असलंच पाहिजे असं नाही. तुम्ही उचगावात नांदता, तेवढं बास.

आमच्या घरात माझी मंडळी प्रॉक्सी होती. स्वतःच्या मताची शाई डाव्या तर्जनीला, माझ्या मताची डाव्या मधल्या बोटाला. पहिल्यांदा एका पोलिंग एजंटानं दंगा केला, बाई दोनदा मत घालालीय म्हणून! केंद्राध्यक्षांनी यादी काढून दाखवली तेव्हा गप्प बसला. पण माझं मत तिनं कुणाला घातलं, ते आजतागायत मला सांगितलेलं नाही.

लेस्टरमधला बेळगावकर

अरे देवा, तो मेसेज माझाच असणार. इथल्या मराठी मंडळींसाठी लिहिला आणि चुकून बेळगावच्या ग्रुपवरही टाकला. माफ करा. तो नियम इकडचा, ब्रिटनचा आहे. ऑक्टोबर २०२३ अखेरपासून पोस्टल मताची मंजुरी जास्तीत जास्त तीन वर्षांची, अर्जात नॅशनल इन्शुरन्स नंबर द्यायचा, आणि त्याआधीपासून पोस्टानं मत देणाऱ्यांची जुनी मंजुरी ३१ जानेवारी २०२६ पर्यंतचीच. भारताचा पासपोर्ट असला तरी राष्ट्रकुलातला नागरिक म्हणून मला इथं मत आहे, ते लिफाफ्यातनं घरबसल्या जातं. गावच्या मतासाठी मात्र विमानाचं तिकीट काढून केंद्रावर उभं राहावं लागतं. गंमत आहे.

खानापूरचा मास्तर

आजींचं सांगतो. २०२३ ला वयाची अट ८० होती. १ मार्च २०२४ ला ती ८५ केली, लोकसभेच्या तोंडावर. तुमच्या आजी मधल्या मधे सापडल्या. पुढची विधानसभा वेळेवर २०२८ च्या मेमध्ये झाली तर त्या ८६ च्या होतील, म्हणजे परत घरी येतील. त्याआधी निवडणूक लागली आणि ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट असलं, तर वय बघत नाहीत. घरून मत घालायचा अर्ज, फॉर्म १२-डी, बीएलओ घरी आणून देतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो भरून गेला पाहिजे, इथंच लोक चुकतात. मंजूर झाला की केंद्रावर मत घालता येत नाही, त्यामुळं "बघू, जमलं तर जाऊ" असं करू नका. आमच्याकडं आला तो फॉर्म कानडीत होता. माझ्या आईचा आमच्या सातवीतल्या पोरीनं वाचून भरला.

आणि ताई, तुमचं नाव फॉर्म ८ भरून उचगावात आणा. प्रॉक्सी म्हणून नवऱ्याचं मत घालणार आणि स्वतःचं शिनोळीत, दोन्हीकडं मतदान एकाच दिवशी आलं तर पळापळ होईल. २०२४ ला बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडं ७ मेच होती.

उचगावची सूनबाई

होय की, त्या दिवशी आजींना केंद्रावर सोडून मी तशीच शिनोळी गाठली होती. फॉर्म ८ चं सासऱ्यांना सांगितलं तर हसायला लागले. "आम्ही जन्मभर महाराष्ट्रात जायचं म्हणून मोर्चे काढले, आणि तू महाराष्ट्रातलं मत सोडून इकडं येतेस?" हसले, पण मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मी अजून भरलेला नाही.

आजींनी ८६ ऐकलं आणि इरकल डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवलं.

सुभेदारकाका, एक राहिलं. हे फेब्रुवारीत रजेवर येणार आहेत. तेव्हा दोघांनी इथंच सही केली तर चालेल का, की साहेबांचीच लागते?

सुभेदार (नि.), कडोली

चालते. रजेवर घरी असला तर दोघं मिळून नोटरीपुढं जावा, कमांडिंग ऑफिसरची सही लागत नाही. फक्त रजेच्या शेवटच्या दिवसावर ठेवू नका, त्या दिवशी बॅग भरायची सोडून दुसरं काही होत नाही.