मदत हवी आहे: साताऱ्यात सेकंडहँड हायब्रिड सायकल, बजेट ८ हजार

नमस्कार. रोज पोवई नाका ते एमआयडीसी जाऊन-येऊन १२ किमी, आणि रविवारी यवतेश्वर घाट चढून जमलं तर कासपर्यंत, एवढ्यासाठी हायब्रिड (रोड आणि माउंटन सायकलीच्या मधली) घ्यायची आहे. उंची ५ फूट ७ इंच, वजन ७८ किलो. दुरुस्ती धरून ८ हजारांच्या वर जाता येणार नाही. दोन सायकली नजरेत आहेत.

अ) साधा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क), व्ही-ब्रेक (रिमला दाबणारे), ३x७ गिअर (पुढे ३, मागे ७ दातेरी चकत्या), १८ इंची फ्रेम, ४ वर्षं जुनी. ६,५०० सांगतायत.
ब) पुढे सस्पेन्शन, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, ३x७ गिअर, २० इंची फ्रेम, दीड वर्ष जुनी, नवी कोरी दिसते. ७,८००.

मन ब कडे ओढतंय. बघायला जाताना काय काय तपासू?

प्रतिसाद १
ब सोडा. तुमच्या उंचीला १७-१८ इंची फ्रेम लागते. २० इंचीवर हात ताणून बसावं लागेल, आणि सीट खाली केली तरी हँडल जवळ येत नाही. बाकी सगळं बदलता येतं, फ्रेमचं माप नाही.

दुसरं म्हणजे या किमतीतलं सस्पेन्शन. साध्या चिमट्यापेक्षा ते किलोभर तरी जड असतं आणि चढावर उभं राहून पायडल मारलं की तुमची ताकद स्प्रिंग दाबण्यात जाते. सस्पेन्शन लॉक करता येत असलं तरी वजन जात नाही. खड्ड्यांसाठी ३५ मिमीचा टायर ५५-६० पीएसआय हवेवर ठेवा, पुरेसं आहे. (टायरच्या कडेवर हवेची मर्यादा छापलेली असते, ती आधी वाचा.)

प्रतिसाद २
अ बघायला जाताना लोखंडी फूटपट्टी आणि मोबाइलची बॅटरी (टॉर्च) न्या. क्रम असा ठेवा, कारण पहिल्या गोष्टीत नापास झाली तर पुढचं बघायची गरजच नाही.

आधी फ्रेम. हँडलखालच्या नळीला खालचा दांडा जिथे जोडलाय तिथे आणि बीबीच्या (पायडलचे दांडे ज्यावर फिरतात ते फ्रेमच्या तळाचं बेअरिंग) आसपास फडक्याने पुसून बॅटरी मारा. रंगात केसासारखी आडवी रेघ किंवा फुगवटा दिसला की सौदा बंद. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला गल्लीतल्या वेल्डिंगवर भरवसा ठेवू नका. सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) वरखाली होतो का तेही बघा, कारण पावसाळे खाल्लेल्या सायकलीत तो आत धरून बसतो.

मग चेन, आणि इथेच माणूस फसतो. जुनी चेन आणि जुनं फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) एकमेकांबरोबर झिजलेले असतात, म्हणून चालवून बघताना गुळगुळीत वाटतात. नवी चेन टाकली की तीच सायकल जोर लावताच घसरायला लागते. म्हणून पट्टीने मोजा. पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत २४ पिना पुढे बरोबर १२ इंच यायला हवेत. दीड मिमी जास्त भरलं तर फक्त चेन बदलायची. ३ मिमी भरलं तर फ्रीव्हीलही गेलं असं धरा, आणि पुढच्या प्लेटचे (पायडलजवळच्या दातेरी चकतीचे) दाते करवतीसारखे टोकदार झालेत का ते बघा.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, टकटक वाजली तर हेडसेट (हँडलचं बेअरिंग) ढिला. क्रँक (पायडलचा दांडा) आडवा हलवून बघा, प्ले म्हणजे ढिलेपणा असेल तर बीबी खराब. व्ही-ब्रेक असल्यामुळे रिमच्या कडेवर बोट फिरवा. तिथे खोलगट वाटी झाली असेल तर रिम संपत आलीय, आणि यवतेश्वरच्या उतारावर तशी रिम नको. चाक आउट (डगमगत फिरत) असेल तर काळजी नाही, तारा आवळून निघतो. मागच्या उजव्या बाजूच्या तारा मात्र एकेक मोजून बघा. तिथलीच तुटते.

प्रतिसाद ३
वरच्यात भर. स्क्रूवाल्या फ्रीव्हीलच्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचं बेअरिंग बरंच आत असतं, त्यामुळे एक्सल (चाकाचा आस) त्या बाजूला आधाराविना राहतो आणि वाकतो. मागचं चाक काढून एक्सल बोटांनी फिरवा. टोक वेडंवाकडं फिरलं तर वाकलाय. ७८ किलो आणि खड्डे, म्हणजे हे बघाच.

मागून उभं राहून डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) बघा. तो फ्रीव्हीलच्या ओळीत सरळ लटकायला हवा. आत झुकला असेल तर हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) वाकलाय आणि मोठ्या दात्यावर जाताना तारांत अडकू शकतो.

किमतीचं म्हणाल तर नव्या सायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. विकणारा जुनं बिल दाखवून घासाघीस करत असेल तर आजची किंमत विचारून जा. बिलावरचा आणि बीबीखाली कोरलेला फ्रेम नंबर जुळवा. सायकल हातात येण्याआधी ॲडव्हान्स नको.

धागाकर्ता
अ बघून आलो. फ्रेम, रिम, एक्सल ठीक. चेन १२ इंचाला पूर्ण ३ मिमी जास्त. मधल्या प्लेटचे दाते अजून रुंद आहेत. पुढची लहान प्लेट २८ दात्यांची, मागची मोठी चकतीही २८ दात्यांची. टायरच्या कडांना बारीक भेगा. घाट चढेल का?

प्रतिसाद ३
२८ ला २८ म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१७ मीटर जाते. नव्याने घाट चढणाऱ्याला हे जड. फ्रीव्हील बदलायचंच आहे तर १४ ते ३४ दात्यांचं टाका, तेच अंतर १.७९ मीटरवर येतं. डिरेलर ३४ दाते पेलणारा आहे का ते आधी मेकॅनिककडून खात्री करा, आणि चेन जुनीच्या मापाने न कापता पुढच्या आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर घालून लांबी ठरवा.

चेन, फ्रीव्हील, केबल, मजुरी मिळून दीड-दोन हजार धरा. टायरची जोडी हजार ते अठराशे. हेल्मेट, लाइट, कुलूप वेगळं. म्हणून ६,५०० नाही, ४,५०० पासून बोला आणि ५ हजारांच्या वर जाऊ नका. पट्टीवरचे ३ मिमी मालकाला दाखवा, त्याला भाव का पाडताय ते कळेल. नवं फ्रीव्हील बसवताना हबच्या आट्यांना ग्रीस लावायला सांगा. पायडल मारताना ते दर वेळी आवळत जातं, ग्रीस नसेल तर पुढच्या वेळी निघता निघत नाही.