अनुभव धागा: परदेशी मिशनवर गेलेली आजी-आजोबा जोडपी, जवळून पाहिलेली

लेहीकर

नमस्कार मंडळी. अमेरिकेत युटात राहायला आल्यापासून बघतोय, इथली माणसं रिटायर झाली की क्रूझ-बिझ करतातच पण बरीच जोडपी मिशनवर जातात, म्हणजे काही महिने चर्चच्या कामाला. ही चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सची माणसं, ज्यांना आपण मॉर्मन म्हणतो (२०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे नाव नको असं सांगितलं, तेव्हा पूर्ण नाव एकदा लिहून टाकलं). पांढरा शर्ट, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी लावून जोडीनं फिरणारी पोरं सगळ्यांनी पाहिलेली असतात. त्याच पट्ट्या लावलेले साठी-सत्तरीचे नवरा-बायको मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाहीत. शेजारी, भाडेकरू, व्याही, ऑफिसातले, जसे कुणी पाहिले असतील तसे लिहा. दिवसभर ते करतात काय हे मला वाचायचंय. धर्म खरा की खोटा यावर इथे भांडू नका, त्याला बाकी इंटरनेट पडलंय.

माझ्यापासून सुरुवात. पलीकडच्या घरातले गृहस्थ निवृत्त डेंटिस्ट, काकू शाळेत लायब्ररीत होत्या. दोघांनी अर्ज केला, आवडनिवड सांगता येते पण पाठवायचं कुठे ते शेवटी वरून ठरतं. ६, १२, १८ किंवा २३ महिने असे पर्याय असतात आणि खर्च ज्याचा त्याने करायचा. आधी इथेच युटात प्रोव्होला साधारण आठवडाभराचं ट्रेनिंग. मला वाटलं बायबल घेऊन दारोदार फिरणार. तर ते काम पोरांचं, वयस्करांकडून अपेक्षितच नाही. यांना मिळालं मिशन ऑफिस, आणि काकांच्या वाट्याला आल्या गाड्या. ज्या माणसाने आयुष्यभर दाढा काढल्या तो आता कुठल्या गाडीचं ऑइल बदललं, कुणी बंपर ठोकला, कुणाचा टायर गेला याच्या एक्सेल शीटा भरतो. गाड्यांमध्ये एक यंत्र असतं, पोरांनी जोरात हाणली की ते बोलून दटावतं आणि रिपोर्ट यांच्याकडे जातो. काका फोनवर सांगताना जाम खूश असतात.

टेमाकर

मी घानात टेमाला नोकरीला होतो, राहायला अक्राला. आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर असं एक जोडपं होतं, आयडाहोचे शेतकरी, बटाटेवाले. त्यांच्याकडे हाऊसिंग होतं, म्हणजे त्या दीडदोनशे पोरापोरींना राहायला फ्लॅट शोधणे, घरमालकाशी घासाघीस, गाद्या, पंखे, पाण्याचा फिल्टर, मच्छरदाण्या, आणि प्रीपेड मीटरमध्ये पैसे भरणे. हे शेवटचं ज्याने घानात केलंय त्यालाच कळेल. रात्री नवाला मीटरचं क्रेडिट संपून कुठलीतरी चार पोरं अंधारात बसायची आणि फोन यांना. काका सत्तर वर्षांचे, टाय लावलेला, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, जनरेटरशी झटापट करताना मी कित्येकदा पाहिलेत. मी मदतीला गेलो की आधी माझ्या हातात टॉर्च द्यायचे आणि मग बटाट्याच्या भावावर बोलायचे.

काकू फ्लॅट तपासायला जायच्या. एकदा मी त्यांना गाडीतून सोडायला गेलो तर म्हणाल्या वर चल. विशीतल्या चार पोरांचं घर, काय सांगू. फ्रीज उघडला तर आत अर्धा कापलेला प्लँटेन (भाजीचं केळं) काळा ठिक्कर, पाण्याच्या पिशव्या (तिकडे अर्धा लिटरच्या सीलबंद पिशव्या मिळतात, दाताने कोपरा फाडून प्यायचं) आणि एका पातेल्यात जो काय रस्सा होता त्याला केस आलेले. काकूंनी आवाज चढवला नाही. बाही वर केली, पातेलं बाहेर नेऊन रिकामं केलं आणि त्यातल्या सगळ्यात उंच पोराच्या हातात घासणी दिली. मग पर्समधून घरी भाजलेली बिस्किटं काढली. पोरगं घासता घासता रडायला लागलं, घरची आठवण. तेव्हा त्या पोरांना घरी फोन फक्त ख्रिसमसला आणि मदर्स डेला करता यायचा, दर आठवड्याला परवानगी मिळाली ती २०१९ पासून. तोवर आई म्हणून काय ती हीच बाई.

बरं, घानात या म्हाताऱ्या जोडप्यांचा मान वेगळाच आहे आणि त्याला कारण आहे. माझ्या ऑफिसात एक वयस्कर घानियन अकाउंटंट होते, त्यांनी सांगितलेलं. तिथे जोसेफ विल्यम बिली जॉन्सन म्हणून गृहस्थ होते, त्यांनी १९६४ पासून या चर्चची पुस्तकं वाचून आपणच मंडळ्या सुरू केल्या होत्या, वरून कुणी आलेलं नसताना. चर्चमध्ये काळ्या माणसांना तेव्हा याजकपद नव्हतं, ती बंदी उठली जून १९७८ मध्ये आणि त्याच वर्षाच्या शेवटाला पश्चिम आफ्रिकेत जे पहिले अधिकृत मिशनरी पोचले ते तरुण नव्हते, दोन वयस्कर जोडपी होती, कॅनन आणि मेबी. नायजेरिया, घाना असं दोन्हीकडे फिरले, त्या काळातले रस्ते, पाणी, पेट्रोल यांची कल्पना करा. पुढे जून १९८९ ला घाना सरकारने या चर्चवरच बंदी घातली, ती नोव्हेंबर १९९० ला उठली. अकाउंटंट म्हणाले त्या दीड वर्षात आम्ही रविवारी घरातच भक्ती करायचो.

तिरकस

वाचून बरं वाटलं पण एक शंका मांडतोच. बिस्किटं, गाद्या, मीटर सगळं ठीक, शेवटी ही यंत्रणा धर्मप्रसारासाठीच आहे ना? घानातल्या पोराला फ्लॅट शोधून देण्यामागे त्याने उद्या दहा लोकांचा बाप्तिस्मा करावा हाच हेतू. वर म्हाताऱ्यांनी स्वतःचे पैसे घालून फुकट राबायचं. कुठल्याही कंपनीला हेवा वाटेल असं मॉडेल आहे.

टेमाकर

हेतू तोच आहे, ते लपवतही नाहीत. मला मात्र त्या दोघांनी कधी पुस्तक दिलं नाही. मी गणपती बसवला तेव्हा काकू मोदक कसे वळतात ते बघायला आल्या होत्या आणि निघताना रेसिपी मागितली. तांदळाची उकड काढताना काय झालं ते विचारू नका.

एक_सून

मी आतल्या गोटातली, म्हणून जरा लांब लिहिते. नवरा अमेरिकन, त्याचे आईवडील सध्या टोंगात आहेत. लिआहोना हायस्कूल म्हणून चर्चची शाळा आहे तिथे. टोंगात या चर्चचे लोक लोकसंख्येच्या मानाने इतके आहेत की जगात दुसरीकडे कुठे नाहीत, तेव्हा प्रसार कुणाला करणार, हे तिथल्या शिक्षकांना मदत करायला गेलेत.

सासूबाईंचा दिवस पहाटे चारला सुरू होतो कारण कोंबडे. टोंगात कोंबडे आणि डुकरं मोकळी फिरतात, डुक्कर अंगणात आलं तर हाकलायचं नाही, कुणाचंतरी असतं. सकाळी शाळा, दुपारी त्या पियानो शिकवतात. पियानो म्हणजे की-बोर्ड, पट्ट्यांवर रंगीत स्टिकर लावलेत. एका की-बोर्डवर दोन पोरी, एक डाव्या हाताचं वाजवते एक उजव्या हाताचं, आणि मग अदलाबदल. गाणं त्या लोकांच्या रक्तातच आहे त्यामुळे सासूबाई म्हणतात मी चुकले तर अख्खा वर्ग एकदम हसतो. सासरे तुपेनू नेसतात, म्हणजे पुरुषांचा गुंडाळायचा स्कर्ट, आणि वर कमरेला विणलेली चटई बांधतात, ताओवाला. पहिल्या आठवड्यात त्यांनी पाठवलेला फोटो आमच्या फ्रीजवर आहे. पिण्याचं पाणी पावसाचं, टाकीतलं. रविवारी देश बंद, कायद्यानेच, कामं नाहीत धंदे नाहीत. उपासना करायची, जेवायचं, झोपायचं.

आमचा फोन रविवारी दुपारी एकला असतो, तिकडे सोमवारची सकाळ झालेली असते. माझी डिलिव्हरी त्या तिकडे असतानाच झाली. मला राग आला होता, खरं सांगते. माझी आई पुण्याहून व्हिसा काढून, मेथीचे लाडू करून येऊन राहिली आणि ही बाई परक्यांच्या पोरींना सा रे ग म शिकवतेय. नवऱ्याला यात काही वावगं वाटत नव्हतं, त्याच्या आजी-आजोबांनीही हेच केलेलं. मग बाळाच्या बारशाला त्या शाळेतल्या पोरींनी व्हिडिओवर चार आवाजांत अंगाईगीत गाऊन पाठवलं, माझी आई डोळे पुसत म्हणाली, असू दे गं. राग पूर्ण गेला असं नाही म्हणणार. थोडा आहे अजून.

पैशाचं तिरकस म्हणाले त्यावर: बरोबर आहे, स्वतःचेच जातात. घरभाड्यावर मर्यादा आहे, २०११ मध्ये ती महिना १४०० डॉलर ठरवली, त्यावर लागलं तर चर्च बघतं. बाकी खाणं, विमा, औषधं, सगळं यांचं. सासऱ्यांनी त्यासाठी वेगळं खातं काढून वर्षानुवर्षं पैसे टाकले होते.

गवतीचहा

आम्ही जर्मनीत, फ्रँकफर्टजवळ फ्रीडरिक्सडॉर्फला. इथे यांचं टेंपल आहे, १९८७ चं, आणि त्यात काम करायला जोडपी येऊन राहतात. ओळख झाली बसस्टॉपवर, काकूंना मशीनमधून तिकीट काढता येईना. मग एकदा घरी बोलावलं. आपल्याकडे पाहुणा आला की हात आपोआप चहाच्या पातेल्याकडे जातो, तर ते चहा घेत नाहीत, कॉफीही नाही. मला एकदम पंचाईत. बाल्कनीतल्या कुंडीत गवती चहा होता, तोच आलं घालून उकळला, चहापत्तीशिवाय, तो चालला. तेव्हापासून दर आठवड्याला त्यांच्या सुट्टीच्या दिवशी हजर. आठवड्यातला एक दिवस त्यांना कपडे धुणे, किराणा, फिरणे यासाठी मोकळा मिळतो.

महिन्यातल्या पहिल्या रविवारी उपास, दोन जेवणं नाही, पाणीसुद्धा नाही, आणि वाचलेल्या जेवणाचे पैसे गरिबांसाठी द्यायचे. हे ऐकून आमचे हे म्हणाले, बघ, नाहीतर आपली एकादशी दुप्पट खाशी. मी त्या दिवशी साबुदाणा वडेच तळत होते.

टेंपलच्या आत काय चालतं ते सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. पण काका म्हणतात दिवसाचा मोठा भाग पांढरे कपडे धुण्यात, इस्त्रीत आणि घड्या घालण्यात जातो.

नगरी

मी नगरचा ख्रिस्ती, आमच्या घराण्यात अमेरिकन मराठी मिशनपासूनची मंडळी. हे लोक वेगळ्या पंथाचे, आमचे पाळक त्यांच्या शिकवणीशी सहमत होणार नाहीत, ते असो. मला एक फरक जाणवला. आमच्याकडे १८३१ मध्ये नगरला केंद्र निघालं, तेव्हा येणारी माणसं तरुण होती आणि इथेच म्हातारी झाली. मिस सिंथिया फरार १८२७ ला मुंबईत उतरल्या, मग नगरला आल्या, मुलींच्या शाळा चालवल्या (जोतिबांनी पाहिलेली ती हीच शाळा) आणि १८६२ ला नगरलाच वारल्या. मराठी त्यांना शिकावीच लागली. वर लिहिलेली जोडपी म्हातारपणी जातात आणि दीड वर्षात परत येतात, भाषा जेमतेम. एवढ्यात माणसं कळतात का? माझ्या मते नाही कळत. पण पातेलं घासायला भाषा लागत नाही हेही खरं.

सँडीवाले

कोविड आला तेव्हा, मार्च २०२० ला, मिशनवरच्या साठीच्या वरच्यांना झटपट घरी बोलावलं होतं. आमच्या गल्लीतले कंबोडियातून आले, स्वतःच्या घरात मुलाचं कुटुंब राहायला आलेलं, मग हे दोघं चौदा दिवस तळघरात क्वारंटाइन. नातवंडं जिन्याच्या वरच्या पायरीवरून खाली चिठ्ठ्या टाकायची. तिथला क्लास अर्धा राहिला म्हणून काका तळघरातून झूमवर इंग्रजी शिकवत बसायचे, तिकडची पहाट इकडची संध्याकाळ. बरेच दिवस चाललं ते.

वाचनमात्र

एरवी लिहीत नाही, एक विचारायचंय. या वयात बीपी, शुगर असणारच. तिकडे काही झालं तर?

एक_सून

जायच्या आधी डॉक्टर, डेंटिस्ट सगळ्यांकडून फॉर्म भरून घेतात, तब्येतीप्रमाणे देश ठरतो. मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) अमेरिकेबाहेर जवळजवळ चालत नाही, त्यामुळे वेगळा विमा. सासऱ्यांनी बीपीच्या गोळ्यांचा मोठा साठा बरोबर नेला होता, अर्धी बॅग तीच. दात दुखायला लागला तेव्हा तिथल्या डॉक्टरकडे गेले, उपटून आले.

टेमाकर

घानाला जायचं तर यलो फीव्हरची लस सक्तीची, आणि मलेरियाच्या गोळ्या. आमच्या काकांना मलेरिया झालाच तरी. तिसऱ्या दिवशी उठून मीटर भरायला गेले, काकूंनी जिन्यातच अडवलं. तो आवाज मी वरच्या मजल्यावर ऐकला.

सदाशिवपेठीआजी

मी स्वतः अडुसष्ट वर्षांची. लेकाकडे सॅन होजेला जाते, सहा महिने, नातवाला सांभाळते, पोळ्या करते, परत येते. कुणी छातीवर पट्टी लावत नाही. या बायकांचा मला हेवा वाटला बाई. नातवंडं सोडून जायचं आणि कुणी नावं ठेवत नाही, उलट गावभर कौतुक. आमच्याकडे दोन महिने नर्मदा परिक्रमेला जाते म्हटलं तर मुलगा म्हणतो, आई, डे केअरचे दर माहितीयेत का.

पण मला एक सांगा, नवरा-बायको चोवीस तास एकत्र, परका देश, ऑफिसही एकच. भांडत नाहीत का?

एक_सून

आजी, सासूबाईंना हेच विचारलं होतं. म्हणाल्या, पहिले दोन महिने रोज, मुख्यतः रस्त्यावरून. टोंगात गाडी डावीकडून चालवायची, सासरे आयुष्यभर उजवीकडून चालवलेले, आणि या बाजूला बसून ओरडणार. मग त्यांनी ठरवलं की गाडी सासूबाईंनी चालवायची. आता सासरे ओरडतात.