टेप नसली म्हणून काय झालं?

जुन्या मराठी गाण्यांच्या ईपी, म्हणजे तीन-चार गाण्यांच्या छोट्या तबकड्या, पुन्हा काढायच्या चर्चेत कुणीतरी विचारलंय, 'मास्टर टेपच (मूळ ध्वनिमुद्रणाच्या फिती) शिल्लक नसतील तर या ईपी पुन्हा निघणार कशा?' हा मुद्दा मला अर्धाच पटतो. टेप सापडली तर सोन्याहून पिवळं, पण जगभर कितीतरी जुनी गाणी चांगल्या राखलेल्या तबकडीवरूनच उतरवून पुन्हा काढली गेलीत. आपल्या नाशिकच्या गंगाघाटावर बुधवारच्या बाजारात कोळीगीतांच्या, लावण्यांच्या ४५च्या (मिनिटाला ४५ फेरे घेणाऱ्या) तबकड्या अजून अधूनमधून दिसतात. कव्हर पावसात भिजून फुगलेलं, मधल्या लेबलवर कुणा बँडवाल्याचा शिक्का, पण उजेडात तिरपी धरली की सुई जिच्यातून फिरते ती खाच बऱ्यापैकी शाबूत. त्याहून जुन्या, ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीला मात्र एलपीची (नंतरच्या मोठ्या, बारीक खाचेच्या तबकडीची) सुई लावू नका. ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. जाड सुई हवी. झिजलेल्या तबकडीवर वेगळ्या जाडीची सुई कधीकधी न झिजलेल्या भिंतीला टेकते, आणि आवाज चक्क उघडतो.

खरी अडचण हक्कांची आहे, आणि ती इथे कुणी काढलीच नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९६४ पर्यंत निघालेली ध्वनिमुद्रणं मोकळी झालीत. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, तो कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. त्यामुळे नुसतं रेकॉर्ड कंपनीला साकडं घालून भागत नाही, वारसही शोधावे लागतात. सत्तरच्या दशकातल्या ईपींना तर अजून दोन्ही कुलपं आहेत.